सुई आपली, चिठ्ठी कुणाची?

लेस्टरहून एका ताईंनी विचारलंय. त्या मूळच्या सांगलीकडच्या. बी.एस्सी. नर्सिंग, मिरजेत पाच वर्षं नोकरी आणि आता दोन वर्षं एनएचएसच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डवर बँड ५ (नर्सच्या पगाराची पहिली पायरी). नाइट ड्युट्या करून जीव मेटाकुटीला आलाय. फेसबुकवर एक जाहिरात दिसली: एका दिवसात बोटॉक्स आणि फिलर शिका, १,२०० पौंड, संध्याकाळी सर्टिफिकेट, लगेच कमाई सुरू. त्यांचे प्रश्न तीन. हा कोर्स करावा का? नर्सला यात खरंच करिअर आहे का? आणि उद्या पुण्यात परत गेल्यावर स्वतःचं क्लिनिक टाकता येईल का?

आधी मी कोण ते सांगते. मी सोलापूरची, मुंबईत जीएनएम केलं, २००३ साली इकडे आले. वीस वर्षांहून जास्त काळ एनएचएसमध्ये आहे आणि गेली अकरा वर्षं चेहऱ्याची इंजेक्शनं देते. आठवड्याचे दोन दिवस माझ्या भाड्याच्या खोलीत, बाकीचे हॉस्पिटलात. पूर्णवेळ हेच करणाऱ्या मैत्रिणी मला आहेत, आणि सहा महिन्यांत सोडून वॉर्डवर परतलेल्याही आहेत. त्यामुळे करिअर आहे का, याला माझं उत्तर ‘हो’ असंच आहे. फक्त तो कोर्स आत्ता करू नका. कारण सविस्तर सांगते.

तुम्ही विचारताय कोर्स कुठला. पण तुमची खरी अडचण टोचण्याची नाहीच. पहाटे तीन वाजता ऐंशी वर्षांच्या आजींच्या कागदासारख्या कातडीत, शिरा सगळ्या बसलेल्या असताना, कॅन्युला (शिरेत घालायची नळी) लावणाऱ्या नर्सला भुवयांमधल्या आठ्यांत तीस नंबरची बारीक सुई टोचणं काय अवघड? ते हात तुमच्याकडे आहेत. नाही ती चिठ्ठी. ब्रिटनमध्ये बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजे आपण ज्याला सरसकट बोटॉक्स म्हणतो ते, चिठ्ठीशिवाय न मिळणारं औषध आहे. समोरच्या माणसाला तपासून, त्याच्या नावाने प्रिस्क्रिप्शन लिहिण्याचा अधिकार ज्याला आहे, त्याच्या सहीशिवाय ती व्हायल तुमच्या हातात यायलाच नको. एक दिवसाचा कोर्स तुम्हाला टोचायला शिकवेल, सहीचा अधिकार देणार नाही. जाहिरातीत ही ओळ बारीक अक्षरातसुद्धा नसते.

मग कोर्स केलेल्या शेकडो नर्सेस काम करतात तरी कशा? त्या प्रिस्क्रायबर, म्हणजे चिठ्ठी लिहिणारा, ‘धरतात’. कुणी नर्स प्रिस्क्रायबर, कुणी डेंटिस्ट, कुणी डॉक्टर. दर पेशंटमागे २०-३० पौंड घेऊन ते चिठ्ठी लिहून देतात. पूर्वी यात फोनवर दोन मिनिटं बोलून काम उरकायचं. डॉक्टरांना असं फोनवर बोटॉक्स लिहिणं त्यांच्या कौन्सिलने २०१२ मध्येच बंद केलं होतं. नर्सेसना मात्र बरीच वर्षं वाट मोकळी होती. आता आमच्या एनएमसीनेही (ब्रिटनमध्ये नर्सेसची नोंदणी करणारी परिषद) १ जून २०२५ पासून सांगितलंय की सौंदर्यासाठीचं औषध लिहायचं तर प्रिस्क्रायबरने पेशंटला प्रत्यक्ष भेटूनच लिहायचं. म्हणजे तुमच्या प्रत्येक पेशंटसाठी दुसरा माणूस खोलीत हजर हवा. त्याची वेळ, त्याचे पैसे आणि त्याचा मूड हे सगळं तुमच्या वेळापत्रकात आलं. एका दिवसाच्या कोर्सवर धंदा उभा करण्याचं गणित तिथेच कोलमडतं.

तुम्ही म्हणाल, मग फक्त फिलर करते. फिलर म्हणजे ओठ, गाल भरायला कातडीखाली घालतात ते. बहुतेक हायल्युरोनिक अ‍ॅसिडचे, जेलसारखे. ते इथे औषधात मोडत नाहीत, म्हणून त्यांना चिठ्ठी लागत नाही. २०१३ मध्ये सर ब्रूस किओ यांच्या समितीने सरकारला अहवाल दिला होता, त्यात म्हटलंय की अशी इंजेक्शनं घेणाऱ्या माणसाला बॉलपेन किंवा टूथब्रश विकत घेणाऱ्याहून जास्त संरक्षण नाही. त्यानंतर काही गोष्टी सुधारल्या. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२१ पासून अठरा वर्षांखालच्यांना सौंदर्यासाठी बोटॉक्स-फिलर देणं गुन्हा आहे आणि २०२२ च्या हेल्थ अँड केअर अ‍ॅक्टने सरकारला परवाना पद्धत आणण्याचा अधिकार दिला. स्कॉटलंडमध्ये तर नर्सने चालवलेलं असं क्लिनिकही २०१६ पासून हेल्थकेअर इम्प्रूव्हमेंट स्कॉटलंडकडे नोंदवावं लागतं. पण फिलरची खरी गोम वेगळी आहे. फिलरला चिठ्ठी लागत नाही, फिलरच्या उताऱ्याला लागते. हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

२०१६ ची गोष्ट. तेव्हा मी स्वतः प्रिस्क्रायबर नव्हते. एका सलूनच्या मागच्या खोलीत शनिवारी बसायचे. प्रिस्क्रायबर एक बाई होत्या, महिन्यातून दोनदा यायच्या, एरवी फोनवर. पेशंट पंजाबी मुलगी, बत्तीस-तेहतीसची, ओठांना थोडा भर हवा होता. उजवी बाजू झाली. डावीकडे वरच्या ओठात जेमतेम ०.१ मिली गेलं असेल, तेवढ्यात ती कळवळली. बधिरीचं क्रीम लावलेलं होतं, तरी. मी सुई काढली, पाहिलं. ओठाच्या वरचा, नाकपुडीकडे जाणारा भाग राखाडी दिसत होता. मला वाटलं, क्रीमचा परिणाम असेल, क्रीमनेही कातडी फिकी पडते. यात माझी चार-पाच मिनिटं गेली. मग उजवीकडे बोट दाबून सोडलं: एक, दोन, रंग परत. डावीकडे दाबलं: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आणि मग कडेने जांभळट जाळी उमटायला लागली, फरशीवरच्या नक्षीसारखी. रक्तवाहिनी बंद झाली होती, एकतर जेल आत गेलं म्हणून नाहीतर बाहेरून दाबली म्हणून.

यावर उपाय आहे. हायल्युरोनिडेज नावाचं एन्झाइम ते जेल विरघळवतं. १,५०० युनिटची अँप्यूल त्याच खोलीतल्या कपाटात होती, हाताच्या अंतरावर. पण ते चिठ्ठीचं औषध. कुणाला अ‍ॅनाफिलॅक्सिस (म्हणजे जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी) झाला तर जीव वाचवायला अ‍ॅड्रेनलिन कुणीही देऊ शकतो, कायद्यातच तशी सवलत आहे. हायल्युरोनिडेज त्या यादीत नाही. मी प्रिस्क्रायबरबाईंना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. सलूनची मालकीण दारात येऊन म्हणाली, “काळंनिळं झालं असेल, बर्फ लाव आणि घरी पाठव.” (बर्फ तर अजिबात नको, रक्तवाहिन्या आणखी आकसतात.) मी मुलीच्या ओठावर ऊबदार फडकं धरून चोळत बसले, ती आरशात बघत होती आणि मला विचारत होती, “सिस्टर, नॉर्मल आहे ना?” बावीस मिनिटांनी फोन लागला. बाई चाळीस मिनिटांनी पोचल्या. एक डोस, मालिश, तासाभराने दुसरा डोस, तेव्हा कुठे बोटाखालचा रंग दोन सेकंदांत परतू लागला. त्या रात्री ती मला दर दोन तासांनी फोटो पाठवत होती. तिला पुढे काही झालं नाही, एक छोटा डाग राहिला होता तोही महिन्याभरात गेला. माझी झोप मात्र बरेच दिवस गेली. पुढच्याच आठवड्यात मी प्रिस्क्रायबिंगच्या कोर्सची चौकशी केली.

आणि ओठ त्यातल्या त्यात माफ करणारी जागा. भुवयांच्या मध्ये आणि नाकावर फिलर घालताना त्याच रक्तवाहिन्यांचं जाळं डोळ्याच्या धमनीला जोडलेलं असतं. तिथे जेल उलट्या दिशेने सरकलं तर माणूस आंधळा होऊ शकतो. जगभरात असे पेशंट नोंदवले गेलेत. त्यामुळे एका दिवसाच्या कोर्सवाल्यांनी ‘नॉन-सर्जिकल नाक’, म्हणजे फिलरने नाकाला आकार देणं, पण शिकवू म्हटलं, तर तिथून उठून या.

आपल्या लोकांविषयी एक सांगायचं राहतंय. ट्रेनिंगच्या स्लाइडवर रक्तपुरवठा बंद झालेली कातडी पांढरीफटक दिसते, कारण फोटो गोऱ्या लोकांचे. आपल्या सावळ्या कातडीवर ती पांढरी पडत नाही, राखाडी किंवा मळकट दिसते आणि पहिल्या दहा मिनिटांत सहज निसटते. म्हणून मी रंगावर विसंबत नाही. दोन्ही बाजूंना बोट दाबून सेकंद मोजते, प्रत्येक वेळी, सगळं छान दिसत असलं तरी. लेस्टरला तुमचे निम्मे पेशंट भारतीय असतील, तेव्हा ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

तर इथवरचं थोडक्यात: टॉक्सिन द्यायला चिठ्ठी हवी, फिलरचं काही बिनसलं तर उतारा द्यायला चिठ्ठी हवी, आणि चिठ्ठीवाला माणूस आता फोनवर चालत नाही. म्हणून क्रम उलटा करा. आधी चिठ्ठीचा अधिकार, मग सुईचा कोर्स.

तो अधिकार मिळतो व्ही-३०० नावाच्या कोर्सने. विद्यापीठात होतो, साधारण सहा महिने. एनएमसीचा नियम असा की अर्जाआधी रजिस्टरवर किमान एक वर्ष झालेलं हवं. तुमची दोन झालीत, म्हणजे कागदावर तुम्ही बसता. सोबत प्रत्यक्ष कामाचे तास, त्यावर नजर ठेवणारा अनुभवी प्रिस्क्रायबर आणि पोर्टफोलिओ. परीक्षेत औषधशास्त्राला ८० टक्के लागतात आणि डोसच्या हिशेबाला १०० पैकी १००. एक दशांश चिन्ह चुकलं की पेपर गेला. मला पहिल्यांदा ९५ मिळाले होते, घरी नवऱ्याने पेढे आणायचं ठरवलं होतं, त्याला काय सांगणार!

अवघड भाग परीक्षेचा नाही, प्रवेशाचा आहे. बहुतेक विद्यापीठं विचारतात: तुम्ही कुठल्या क्षेत्रात औषधं लिहिणार, तुमच्या नोकरीत त्याची गरज काय आणि तुमच्या मॅनेजरची सही कुठाय? मेडिकल वॉर्डच्या बँड ५ नर्सला ‘मला बोटॉक्स लिहायचंय’ म्हणून ट्रस्ट (हॉस्पिटल चालवणारी एनएचएसची संस्था) कधीच पाठवणार नाही. काही विद्यापीठं स्वखर्चाने येणाऱ्या एस्थेटिक्सच्या, म्हणजे सौंदर्योपचाराच्या, नर्सेसना घेतात, पण तिथेही मार्गदर्शन करायला तयार प्रिस्क्रायबर तुम्हीच शोधायचा. हे कुणाला जमतं, कुणाला नाही. तुमच्या ओळखी, तुमचा ट्रस्ट, तुमची मॅनेजर, यावर ते ठरतं.

म्हणून मी तुम्हाला एक आडवाट सुचवते. जाहिरातींत ती दिसणार नाही, कारण त्यात कुणाला कोर्स विकता येत नाही. बोट्युलिनम टॉक्सिन एनएचएसमध्येच रोज वापरलं जातं. मुळात हे औषध सुरकुत्यांसाठी आलंच नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ते तिरळेपणावर आणि पापण्या आपोआप मिटत राहण्याच्या आजारावर वापरायला घेतलं. व्हँकुव्हरच्या जीन आणि अ‍ॅलिस्टर कॅरुथर्स या डॉक्टर जोडप्याला १९८७ च्या सुमारास लक्षात आलं की पापण्यांचे पेशंट आठ्या गेलेल्या चेहऱ्याने परत येतायत. १९९२ मध्ये त्यांनी ते छापलं आणि हा सगळा बाजार सुरू झाला. आज एनएचएसमध्ये ते अर्धांगवायूनंतर आखडलेल्या हातासाठी, मूत्राशयासाठी आणि जुनाट मायग्रेनसाठी वापरतात. मायग्रेनसाठी नाइसने (एनएचएसमध्ये कुठले उपचार द्यायचे ते ठरवणारी संस्था) २०१२ मध्ये मान्यता दिली: महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस डोकं दुखतं, त्यातले किमान आठ मायग्रेनचे, आणि तीन प्रकारची प्रतिबंधक औषधं करून झालीत, अशा पेशंटना. कित्येक न्यूरॉलॉजी ओपीडींत ही इंजेक्शनं नर्स स्पेशालिस्टच देते.

ठरलेली पद्धत अशी: एका बैठकीत १५५ युनिट, ३१ जागी. कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान, खांदे. आता कपाळाकडचा भाग बघा: भुवया जवळ ओढणारे स्नायू दोन जागी, नाकाच्या मुळाशी एक, कपाळाचा आडवा स्नायू चार जागी. सौंदर्याच्या क्लिनिकमध्ये आठ्यांसाठी लोक ज्या स्नायूंचे पैसे मोजतात, तेच स्नायू! फरक एवढाच की इथे तुम्ही पगारावर शिकता, बाजूला कन्सल्टंट असतो, औषध खात्रीचं असतं आणि एका सकाळी सहा-सात डोकी हाताखालून जातात. भुवईच्या हाडापासून पुरेसं वर राहिलं नाही तर पापणी खाली येते, हे एकदा इथे समोर पाहिलंत की आयुष्यभर हात आपोआप वर राहतो. शिवाय अशा पोस्टवर व्ही-३०० साठी ट्रस्ट स्वतःहून पाठवतो, कारण त्यांना गरज असते. प्लास्टिक सर्जरीची किंवा स्किनची ओपीडी मिळाली तरी उत्तम. चेहऱ्याचं शरीरशास्त्र तिथे रोज उघडं दिसतं. माझ्या ओळखीतल्या दोन नर्सेस याच वाटेने बँड ६ आणि मग ७ ला गेल्या. त्यातल्या एकीने शेवटी एस्थेटिक्समध्ये पाऊलच टाकलं नाही, मायग्रेनमध्येच रमली. तेही करिअरच आहे.

त्यानंतर सुईचा कोर्स. इथे एक दिवसाच्या ‘फाउंडेशन’पासून लेव्हल ७ च्या डिप्लोमापर्यंत सगळं मिळतं. लेव्हल ७ म्हणजे पदव्युत्तर पातळी.  महाग आहे, वेळ खातो, पण त्यात परीक्षकासमोर ठरावीक संख्येने पेशंट करावे लागतात. एक दिवसाच्या कोर्सला सकाळी स्लाइड, दुपारी सरावासाठी दोन-तीन मॉडेल, तेही चार जणींत वाटून. मी गेले होते त्यात माझ्या वाट्याला एका बाईचं अर्धं कपाळ आलं होतं. उरलेलं अर्धं शेजारच्या डेंटिस्टने केलं. दोन आठवड्यांनी त्या बाईच्या दोन्ही भुवया सारख्या दिसल्या की नाही, हे आम्हा दोघांनाही कधी कळलं नाही. खरं तर शिकायचं तेच असतं: पंधरा दिवसांनी आपलं काम स्वतः पाहणं.

पैशांबद्दल बोलू, कारण खरा ओढा तिकडे आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्या भागात कपाळ, भुवया आणि डोळ्यांचे कोपरे, अशा तीन जागांचे २२० पौंड मिळतात. त्यातून औषध ७५, खोलीचं भाडं दोन भेटींचं ४०, विमा, सुयांच्या पिवळ्या डब्याची विल्हेवाट, कार्ड मशीन वगैरे मिळून १५. उरले ९०. प्रिस्क्रायबर दुसरा असेल तर ३० आणखी वजा, म्हणजे ६०. वेळ: पहिली भेट, इंजेक्शन, दोन आठवड्यांनी तपासणी, असा दीड तास. मेसेजना उत्तरं देण्याचा वेळ मी धरलेलाच नाही. आणि टॅक्स अजून बाकी आहे. तरीही तासाचा दर बँक शिफ्टपेक्षा (हॉस्पिटलातली जादा ड्युटी) बरा, हे खरंच. पण बँक शिफ्ट आज मागितली तर उद्या मिळते. पेशंट तसे मिळत नाहीत. पहिल्या वर्षी मला महिन्याला चार-पाच यायचे, त्यातल्या दोघी माझ्याच वॉर्डच्या. तिसऱ्या वर्षी कुठे दोन दिवस भरायला लागले.

इथे लोक एक चूक करतात. ५० युनिटच्या व्हायलमधलं ३० वापरलं, २० उरलं, ते फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या आठवड्यात दुसरीला. तसं करायचं नाही. एकीच्या नावाच्या चिठ्ठीचं औषध दुसरीला देता येत नाही आणि सलाइन घालून तयार केलेलं औषध २ ते ८ अंशांत ठेवूनही चोवीस तासांपुरतंच. दुसरी चूक स्वस्त मालाची. ऑनलाइन अर्ध्या किमतीत कोरियन लेबलची व्हायल मिळते, ज्याला इथे परवानाच नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये अशा इंजेक्शनांमुळे खऱ्याखुऱ्या बोट्युलिझमचे (या विषाच्या बाधेचे) पेशंट हॉस्पिटलात आले, तुमच्या ईस्ट मिडलंड्समध्येसुद्धा: पापण्या पडलेल्या, गिळता येत नाही, बोलणं अडखळतंय. वेगवेगळ्या कंपन्यांचे युनिटही सारखे नसतात, एकाचे आकडे दुसऱ्याला लावले की डोस चुकलाच.

आता तीन कोरड्या गोष्टी. एक, जाहिरात: चिठ्ठीच्या औषधाची जाहिरात सामान्य लोकांसमोर करता येत नाही, म्हणून इन्स्टाग्रामवर ‘दिवाळी बोटॉक्स ऑफर’ टाकलीत तर तक्रार तुमच्या एनएमसीच्या नोंदणीपर्यंत जाऊ शकते. दोन, विमा: एनएचएसचं संरक्षण एनएचएसच्या कामापुरतं, बाहेरच्या कामाला स्वतःचा वेगळा घ्यावा लागतो. तीन, व्हिसा: तुम्ही स्पॉन्सरशिपवर असाल तर जादा काम आठवड्याला २० तासांपर्यंत आणि तेही ठरावीक प्रकारचंच चालतं. स्वतःचा धंदा त्यात बसतो का, हे कोर्सवाल्याला विचारू नका, इमिग्रेशन सल्लागाराकडून लेखी घ्या. १,२०० पौंड भरायच्या आधी.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच कोर्समध्ये नीट शिकवत नाहीत: नाही म्हणणं. आपल्या बायका आठ्यांसाठी कमीच येतात. त्या येतात डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांसाठी. त्यातली बरीच वर्तुळं म्हणजे रंगद्रव्य, घराण्यात आलेलं. फिलरने ती जात नाहीत, आणि डोळ्याखालची जागा नवशिक्याने हात लावायची नाहीच. त्यांना मी सनस्क्रीन सांगते, रक्तातलं लोह तपासून घ्यायला जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) पाठवते आणि पैसे घेत नाही. डिसेंबरात लग्नं असतात. वरमाई येते, “परवा हळद आहे, आज करून टाका ना, अहो आपलीच माणसं!” टॉक्सिनचा परिणाम दिसायला तीन-चार दिवस आणि पूर्ण बसायला दोन आठवडे लागतात. परवाच्या फोटोत काळंनिळं तेवढं येईल, बाकी काही नाही. तीन महिन्यांपूर्वी एक मुलगी आली, चोवीस वर्षांची, आधी दोन ठिकाणी ओठ करून घेतलेले, आता हनुवटी हवी. मी विचारलं, दिवसातला किती वेळ आरशासमोर जातो? ती म्हणाली, “ऑफिसातून दर तासाला बाथरूममध्ये जाते बघायला.” तिला मी हात लावला नाही, जीपीला पत्र लिहून दिलं. तिने माझ्यावर एक स्टारचा रिव्ह्यू टाकला. तो अजून आहे.

पुण्याचं विचाराल तर, स्पष्ट सांगते. इथला व्ही-३०० तिथे चालत नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर तुम्ही नर्स असाल, पण स्वतंत्रपणे औषध लिहायचा असा अधिकार भारतात नर्सला नाही. तिथे ही इंजेक्शनं त्वचारोगतज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जन देतात. तुमच्या नावाची पाटी लावून, डॉक्टरशिवाय बोटॉक्स क्लिनिक, हे स्वप्न सोडून द्या. दुसऱ्या बाजूने मात्र इथला अनुभव तिथे कामी येतो. पेशंटचं समुपदेशन, संमतीचे कागद, गुंतागुंत ओळखणं, क्लिनिकचं रोजचं व्यवस्थापन, नव्या स्टाफला तयार करणं, यासाठी मोठी स्किन क्लिनिकं अशी माणसं शोधत असतात. माझी एक बॅचमेट बाणेरला एका प्लास्टिक सर्जनकडे हेच करते. सुई डॉक्टरांच्या हातात, पण ‘आज हिला देऊ नका सर’ असं ती म्हणाली तर सर ऐकतात. पगार इथल्यासारखा नाही. नाइट ड्युटीही नाही.

त्या जाहिरातवाल्यांना हवं तर एक ईमेल करा आणि चारच गोष्टी विचारा: माझ्या हातून किती मॉडेल होतील, त्यांना दोन आठवड्यांनी मला परत बघता येईल का, कोर्सनंतर माझ्या पेशंटना समोर बसून तपासणारा प्रिस्क्रायबर कोण, आणि शनिवारी रात्री नऊला कुणाचा ओठ राखाडी पडला तर मी फोन कुणाला करायचा. चौथ्याचं उत्तर बहुधा येणार नाही.

आणि या आठवड्यात एक काम करा. तुमच्या हॉस्पिटलच्या किंवा जवळच्या न्यूरॉलॉजी ओपीडीच्या सेक्रेटरीला फोन करून विचारा की मायग्रेनचं बोटॉक्स क्लिनिक कुठल्या दिवशी असतं आणि रजेच्या दिवशी एक सकाळ बसायला मिळेल का. शक्यतो हो म्हणतात, युनिफॉर्म घालून या एवढंच सांगतात. नर्सच्या उजव्या खांद्यामागे उभ्या राहा, तिथून हात नीट दिसतो, आणि एकतीस टोचण्या मोजा. मग इथे लिहा. मी गुरुवारपर्यंत नाइटला आहे, त्यामुळे उत्तर जरा उशिरा येईल.